धार लावण्याचे यंत्र आणि सदोष क्लॅम्प
दोष कसा ओळखावा, सुटा भाग कधी बदलून मागावा, घरी काय करता येते

शहरातील स्वयंपाकघरांत गेल्या काही वर्षांत विळीची जागा सुरीने बऱ्याच अंशी घेतली आहे. सुरी आली, तिच्यामागोमाग तिला धार लावण्याचा प्रश्न आला. सायकलचे चाक फिरवून कात्र्या-सुऱ्यांना धार लावून देणारा धारवाला आता प्रत्येक गल्लीत येत नाही. आलाच, तर महागडी जर्मन वा जपानी सुरी त्याच्या वेगवान चाकाखाली द्यावी की नाही, असा विचार गृहिणी आणि हौशी बल्लवाचार्य करू लागले आहेत. ही शंका अनाठायी नाही. कोरड्या चाकावर पाते तापते, धारेजवळचे पोलाद निळसर पडते आणि त्याचे पाणी उतरते. यावर उपाय म्हणून अनेकांनी ठरावीक कोनात धार लावून देणारे छोटे हातयंत्र घरी आणले. मात्र या यंत्राचा सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणजे पाते धरून ठेवणारा क्लॅम्प, सदोष निघाला तर यंत्र नसलेले बरे, असे म्हणण्याची वेळ येते. हाताने लावलेल्या धारेत चुका होतात, पण त्या दर घासणीला निराळ्या असतात. सदोष क्लॅम्प तीच चूक प्रत्येक घासणीत तंतोतंत पुन्हा करतो, आणि घासून गेलेले पोलाद परत येत नाही.

यंत्र काम कसे करते

या यंत्रांचे तत्त्व साधे आहे. पाते क्लॅम्पच्या दोन जबड्यांत घट्ट बसवायचे. निसणा, अर्थात धार लावण्याचा दगड, एका सळईला जोडलेला असतो आणि ती सळई ठरावीक उंचीवरच्या आधारबिंदूतून मागेपुढे सरकते. आधारबिंदू पात्याच्या पातळीपासून किती उंच आहे आणि धारेपासून किती दूर आहे, या दोन अंतरांच्या गुणोत्तरावर कोन ठरतो. अंतर १०० मिलिमीटर आणि उंची सुमारे ३६ मिलिमीटर असेल, तर निसणा पात्याला २० अंशांत भिडतो. स्वयंपाकघरातील बहुतेक सुऱ्यांना दर बाजूला १५ ते २० अंशांचा कोन पुरतो. जाड पात्याच्या, धसमुसळ्या कामाच्या सुऱ्यांना २५ अंश वा त्याहून अधिक ठेवतात.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बफेलो परिसरात सुरू झालेल्या 'लॅन्स्की' कंपनीने हा प्रकार घरोघरी पोहोचवला. तिच्या यंत्रात क्लॅम्पलाच खाचा असलेले पंख असून १७, २०, २५ आणि ३० अंशांच्या खाचा ठरलेल्या असतात. एक बाजू झाली की क्लॅम्प पात्यासह उलटा करून दुसरी बाजू घासायची. न्यू मेक्सिकोतील 'विकेड एज' या यंत्रात पाते उभे धरलेले असते आणि दोन्ही बाजूंना दोन निसणे आळीपाळीने चालतात. पुढे रशिया, युक्रेन आणि चीनमधून आलेल्या यंत्रांत क्लॅम्प एका दांड्यावर बसवलेला असतो आणि तो दांडा १८० अंशांत फिरवून दुसरी बाजू वर आणली जाते. याउलट ऑरेगॉनमधील 'एज प्रो' या यंत्रात पाते मेजासारख्या पाटीवर बोटांनी दाबून धरायचे असते. क्लॅम्प नाही, त्यामुळे क्लॅम्पची तक्रारही नाही. हातावर मात्र अधिक भिस्त.

रचना कोणतीही असो, क्लॅम्पकडून अपेक्षा तीनच आहेत. त्याने पाते हलू देता कामा नये. पाते यंत्राच्या मध्यरेषेवर धरले पाहिजे. आणि ते कललेले नसावे. यांतील तिसरी अपेक्षा सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच डोळ्यांना सहज दिसत नाही.

एक मिलिमीटर आणि एक अंश

क्लॅम्पमधील दोष किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी थोडे गणित करणे भाग आहे. समजा, वर दिलेल्या १०० मिलिमीटर अंतराच्या यंत्रात क्लॅम्पने पाते मध्यरेषेपासून एक मिलिमीटर बाजूला धरले, पण सरळ धरले. अशा वेळी एका बाजूचा कोन साधारण साडेएकोणीस अंश आणि दुसऱ्या बाजूचा साडेवीस अंश होईल. फरक एका अंशाचा. कांदा-बटाटा कापणाऱ्याला तो जाणवणारही नाही. मोठ्या यंत्रात हेच अंतर २०० मिलिमीटर असेल, तर फरक निम्म्यावर येतो.

आता दुसरा दोष पाहू. जबडे पात्याला १० मिलिमीटर खोलीपर्यंत धरतात आणि त्या खोलीत दोन्ही जबड्यांचे पृष्ठभाग एकाच दिशेला ०.२ मिलिमीटर कललेले आहेत. पोस्टकार्डाच्या जाडीइतकाही हा फरक नाही. तरीही पाते सव्वा अंशाच्या आसपास कलते. एका बाजूचा कोन तेवढा कमी होतो, दुसऱ्या बाजूचा तेवढाच वाढतो आणि दोन बाजूंतील तफावत सव्वादोन अंशांच्या पुढे जाते. शिवाय यंत्र लहान असो वा मोठे, हा दोष कमी होत नाही. मापात पाचपट लहान असलेला कल हा मिलिमीटरभर सरकण्यापेक्षा दुपटीहून अधिक नुकसान करतो.

याचा परिणाम सुरीवर कसा होतो, तेही ध्यानात घ्यायला हवे. एका बाजूला उतार पसरट होतो, दुसऱ्या बाजूला अरुंद व उभा राहतो. धारेची रेष पात्याच्या मध्यावरून सरकते. सुरी टोमॅटोत सरळ न उतरता एका बाजूला ओढते. वापरणारा मग दगड अधिक खरखरीत घेतो, अधिक घासतो, आणि सुरीचे आयुष्य निष्कारण कमी करतो.

दोष कोणकोणते असतात

स्वस्त यंत्रांतील क्लॅम्प बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा अॅल्युमिनियमचा, साच्यात ओतलेला असतो. ओतकामात दोन साचे जिथे मिळतात तिथे बारीक कंगोरा राहतो. तो घासून काढला नाही तर जबड्याच्या आत येतो आणि पाते त्या एका कंगोऱ्यावर टेकते. ओतीव धातूत हवेचे सूक्ष्म पोकळ कण राहिले, तर स्क्रूच्या छिद्राभोवती तडा जातो. हा तडा पहिल्या दिवशी दिसत नाही. दहा-वीस वेळा आवळल्यावर दिसतो.

दुसरा नेहमीचा दोष आट्यांचा. मऊ अॅल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू वारंवार आवळला की आटे झिजतात. स्क्रू फिरत राहतो, आवळला जात नाही. कधी मुळातच आटे अर्धवट पाडलेले असतात. कधी सोबत आलेला स्क्रू भलत्याच मापाचा असतो. मेट्रिक चार मिलिमीटर स्क्रूच्या लगतच्या दोन आट्यांतील अंतर ०.७ मिलिमीटर असते, तर त्याच्या जवळपास जाडीच्या आठ क्रमांकाच्या बत्तीस आटी इंची स्क्रूमध्ये ते सुमारे ०.७९ मिलिमीटर असते. दोन्ही स्क्रू हातात सारखेच वाटतात. पहिला दुसऱ्याच्या छिद्रात जातोही, पण सैल बसतो आणि जोर लावताच आटे खातो. म्हणून हरवलेल्या स्क्रूच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातून 'तसाच दिसणारा' आणताना जुना नमुना वा क्लॅम्पच सोबत न्यावा.

फिरत्या दांड्याच्या यंत्रांत आणखी एक दोष संभवतो. दांडा आणि त्याच्या बुशमध्ये फट राहिली, तर प्रत्येक दाबासरशी पाते किंचित डुलते. पात्याचे टोक बोटाने वरखाली करून पाहिले की ही फट हाताला कळते. जबड्यांच्या आतले रबरी वा प्लास्टिकचे अस्तर एका बाजूने निघालेले असणे हाही एक दोषच. तो मात्र सर्वांत सोपा, कारण दिसतो.

क्लॅम्पवर येणारे खोटे आरोप

प्रत्येक वाकड्या धारेला क्लॅम्प जबाबदार नसतो. अनेक सुऱ्यांची पाती पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळती होत गेलेली असतात. समांतर जबडे अशा पात्याला पूर्ण भिडूच शकत नाहीत. ते एका रेषेवर टेकतात आणि पाते घसरते. हा पात्याच्या घडणीचा गुण आहे. काही यंत्रांचे जबडे यासाठीच हलते ठेवलेले असतात.

कारखान्यातून आलेल्या सुरीचे दोन्ही उतार मुळातच असमान असणे, हेही सर्रास आढळते. पहिल्यांदा यंत्रावर चढवल्यावर ते उघडे पडते आणि ठपका यंत्रावर येतो. मासे कापण्याच्या 'डेबा' वा 'यानागिबा' या पारंपरिक जपानी सुऱ्यांना तर एकाच बाजूने उतार असतो. त्यांना दोन्हीकडून सारखा कोन द्यायला जाणे म्हणजे सुरीचा घात.

सुरीच्या टोकाकडे कोन बदलतो, ही तक्रारही नेहमीची. सरळ धारेवर आधारबिंदू एकच असल्याने कोन कायम राहतो. पण पाते टोकाकडे वळते तिथे धारेची दिशाच बदलते आणि कोनही. क्लॅम्प पात्यावर पुढे-मागे सरकवून ही तफावत पुष्कळ कमी करता येते. लांब सुरी लहान क्लॅम्पवर दोनदा, दोन ठिकाणी धरावी लागते. त्याचप्रमाणे कमी-अधिक जाडीचे निसणे आलटून-पालटून लावल्यास कोन आपोआप बदलतो, आणि सळई वाकलेली असेल तरीही कोन फसतो. सळई काचेवर लोळवून पाहिली की तिचा बाक लगेच कळतो.

पाव तासाची परीक्षा

नवे यंत्र घरी येताच, चांगली सुरी त्यावर चढवण्याआधी ही परीक्षा करून घ्यावी. साहित्य म्हणून विद्यार्थ्यांच्या कंपासपेटीतली नव्हे, तर कारागिराची १५० मिलिमीटरची सपाट पोलादी पट्टी, एक काळे मार्कर पेन आणि जमल्यास अंश दाखवणारे छोटे डिजिटल कोनमापक लागेल.

पट्टी जबड्यांत बसवून स्क्रू बेताने आवळावा आणि यंत्र उजेडासमोर धरावे. जबडा आणि पट्टी यांच्या मध्ये एका बाजूला उजेडाची फट दिसली, तर जबडे समांतर नाहीत. मात्र दोन स्क्रूंच्या क्लॅम्पमध्ये घाई करू नये. त्यातील पुढचा स्क्रू टेकूचे काम करतो, तर मागचा स्क्रू जबड्यांची शेपटे फाकवून तोंडे मिटवतो. पुढचा स्क्रू पात्याच्या जाडीनुसार आधी बेताचा लावून मग मागचा आवळायचा असतो. हा क्रम चुकला की निर्दोष क्लॅम्पही तोंड वासून बसतो. 'सदोष' म्हणून परत पाठवलेले काही क्लॅम्प निव्वळ या क्रमामुळे परत गेले असतील, असे मानायला जागा आहे.

यानंतर कोन मोजावा. कोनमापक पट्टीच्या सपाटीवर ठेवून शून्य करावे, मग निसणा पट्टीच्या कडेवर टेकवून त्याच्यावर ठेवावे. येणारा आकडा हा त्या बाजूचा कोन. पाते उलटवून दुसऱ्या बाजूचा कोन त्याच रीतीने घ्यावा. शून्य पुन्हा पट्टीवर करायला विसरू नये. ०.१ अंशापर्यंत आकडा दाखवणारी ही साधने स्वतः ०.२ अंशाच्या आसपास चुकू शकतात, तेव्हा दोन बाजूंत अर्ध्या अंशाचा फरक आला तर डोके धरून बसण्याचे कारण नाही. दोन अंशांचा आला, तर मात्र आहे.

आता निर्णायक पायरी. पट्टी जबड्यांतून काढून उलटी करावी, म्हणजे वरची बाजू खाली, आणि पुन्हा मोजावे. गवंडी आपली पाणसळ खरी आहे की खोटी, हे ती टोकाशी टोक बदलून ठेवूनच पाहतो. ही युक्ती तीच आहे. पट्टी उलटूनही मोठा कोन यंत्राच्या त्याच बाजूला राहिला, तर दोष यंत्राचा. मोठा कोन पट्टीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर पट्टी वाकडी. यंत्राचा दोष ठरला, तरी तो जबड्यांत आहे की सळईच्या आधारात, हे फिरत्या दांड्याच्या यंत्रात वेगळे काढता येते. कोनमापक यंत्राच्या तळपाटावर शून्य करून पट्टीचाच कल दोन्ही स्थितींत मोजावा. पट्टी दोन्ही वेळा तळाशी समांतर असेल, तर क्लॅम्प निर्दोष आहे, अन्यत्र शोधावे.

कोनमापक नसल्यास मार्कर पुरतो. सुरीच्या दोन्ही उतारांवर काळी शाई फासावी आणि बारीक निसणा दोन-तीनदाच, हलक्या हाताने फिरवावा. शाई धारेच्या रेषेपाशी पुसली गेली, तर निसण्याचा कोन सुरीच्या कोनापेक्षा मोठा आहे. उताराच्या वरच्या खांद्याशी पुसली गेली, तर लहान. एका बाजूला धारेशी आणि दुसऱ्या बाजूला खांद्याशी पुसली जात असेल, तर पाते कललेले आहे. ही परीक्षाही सुरी जबड्यांत उलटी धरून पुन्हा करावी. दोष सुरीबरोबर फिरला तर तो सुरीचा, जबड्याजवळच राहिला तर यंत्राचा.

या साऱ्या परीक्षेत स्क्रू पक्कडीने पिळून आवळण्याचा मोह टाळावा. घसरणारे पाते अधिक जोराने थांबत नाही, मऊ धातूचे आटे मात्र जातात. आणि निसण्यावर हात असताना पाते निसटले, तर बोट थेट धारेवर जाते. परीक्षा होईपर्यंत पट्टी वापरण्याचे हेही एक कारण.

दुरुस्ती आधी की तक्रार आधी

दोष निश्चित झाल्यावर हौशी माणसाचा हात कानशीकडे जातो. तो आवरलेला बरा. क्लॅम्पवर एकदा कानस फिरली, की दोष मूळचा होता की नंतर झाला, हा वाद विक्रेत्याच्या बाजूने झुकतो. आधी छायाचित्रे काढावीत, उजेडाच्या फटीची आणि कोनमापकाच्या आकड्यांची. बिल, खोक्यावरचा मजकूर आणि विक्रीच्या पानावरचे वर्णन जपून ठेवावे. वर्णनाचे महत्त्व विशेष. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत दर्जा व मानक यांतील उणिवेचा समावेश आहे, आणि ते मानक कायद्याने वा कराराने ठरलेलेच असावे असे नाही. विक्रेत्याने वस्तूबद्दल स्वतः केलेला दावाही त्यात येतो. जाहिरातीत 'अचूक कोन' लिहिणाऱ्याला सव्वादोन अंशांची तफावत समजावून सांगणे मग सोपे जात नाही.

तक्रार लिहिताना 'क्लॅम्प खराब आहे' असे मोघम लिहिल्यास उत्तरही मोघम येते. 'सपाट पट्टीवर एका बाजूला १८.९ आणि दुसऱ्या बाजूला २१.२ अंश येतात. पट्टी उलटी धरूनही आकडे त्याच बाजूंना राहतात. छायाचित्रे सोबत आहेत' असे लिहिल्यास प्रश्नोत्तरांची एक फेरी वाचते. पुष्कळदा संपूर्ण यंत्राची गरजही नसते. क्लॅम्प सुटा मिळतो, म्हणून तक्रारीतच 'सुटा भाग बदलून द्यावा, तो उपलब्ध नसल्यास यंत्र परत घेऊन रक्कम द्यावी' असा स्पष्ट पर्याय द्यावा.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० पासून ई-कॉमर्स विषयक स्वतंत्र नियम लागू आहेत. विक्री संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रार मिळाल्यापासून महिनाभरात तिचे निवारण करावे, असे ते सांगतात. संकेतस्थळावरून विकणारा विक्रेता सदोष किंवा जाहिरातीबरहुकूम नसलेली वस्तू परत घेण्यास नकार देऊ शकत नाही, हेही त्यांत आहे. वस्तू कोणत्या देशात बनली, हे विक्रीच्या पानावर देणे बंधनकारक आहे. संकेतस्थळाने स्वतः ठेवलेली परतीची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते. ती उलटल्यावर 'आता काही होणार नाही' असे सांगितले जाते आणि ग्राहक गप्प बसतो. वास्तविक ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी कायद्याने कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत दिलेली आहे.

पहिला टप्पा म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपयोगी पडतो. तिथून विक्रेत्याकडे तक्रार पाठवली जाते. बंधनकारक निकाल मात्र तिथे मिळत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. विक्रेता दिल्लीचा असला तरी पुण्याच्या ग्राहकाला दिल्ली गाठावी लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी 'ई-जागृती' ही व्यवस्था सुरू झाली आहे. वस्तूची तपासणी लागत नसल्यास तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात हा अवधी अनेकदा लांबतो, हे आयोगाची पायरी चढलेल्यांना ठाऊक आहे. त्यामुळे काही हजारांच्या यंत्रासाठी तिथवर जावे का, हे ज्याने त्याने ठरवायचे. पण आकड्यांनिशी लिहिलेली तक्रार आणि हा मार्ग माहीत असल्याची जाणीव, एवढ्यावरच पुष्कळ विक्रेते सुटा भाग पाठवायला तयार होतात.

इथे एक बाब आवर्जून सांगण्याजोगी आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरत नाही. तथापि स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच मानला जातो. सोसायट्यांमध्ये जाऊन सुऱ्यांना धार लावून देणाऱ्या, सायकल सोडून असे यंत्र घेतलेल्या कारागिराला हे संरक्षण आहे. त्याच्या दृष्टीने सदोष क्लॅम्प म्हणजे बिघडलेली गिऱ्हाइकाची सुरी आणि बुडालेली रोजी.

परत करणे शक्यच नसेल तर

यंत्र जुने असेल, परदेशातून कुणी आणून दिलेले असेल वा विक्रेत्याचा पत्ताच लागत नसेल, तर घरगुती उपायांकडे वळावे. सर्वप्रथम जबडे स्पिरिटने पुसावेत. पाते घसरण्याचे कारण कित्येकदा नुसते तेल असते. त्यानंतर पात्याच्या दोन्ही बाजूंना कागदी मास्किंग टेपचा एकेक थर द्यावा. पातळ मऊ चामड्याचे तुकडे याहून चांगले. निमुळत्या पात्यांना हा उपाय हमखास लागू पडतो, शिवाय पात्यावर ओरखडे उठत नाहीत. थर दोन्हीकडे सारखे असावेत, नाहीतर नवा कल निर्माण होतो.

कललेल्या जबड्यात पातळ पत्र्याची पाचर देता येते. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची बारीक पट्टी एका जबड्याच्या तोंडाशी आणि तेवढीच समोरच्या जबड्याच्या मुळाशी, अशी तिरपी जोडी ठेवून कल मोडता येतो. कोन मोजावा, पट्टी बदलावी, पुन्हा मोजावा. काम कंटाळवाणे आहे. ओतकामाचा कंगोरा असेल तर तो बारीक कानशीने काढावा आणि जबडा सुटा होत असल्यास सपाट काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासून घ्यावा. त्यावर मार्करची शाई फासून घासले, की उंचवटा कुठे आहे आणि तो गेला की नाही, हे दिसत राहते.

झिजलेल्या आट्यांसाठी लेथ वा फिटरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जावे. चार मिलिमीटरचे छिद्र ४.२ मिलिमीटरच्या ड्रिलने वाढवून त्यात पाच मिलिमीटरचे आटे पाडणे, हे तिथले नित्याचे काम आहे. धातूची भिंत पातळ असेल तर आटे न पाडता स्क्रू आरपार नेऊन मागे नट लावणे अधिक टिकाऊ. तडा गेलेल्या ओतीव क्लॅम्पवर मात्र पैसे खर्च करू नयेत. जस्ताचे ओतकाम वेल्डिंगला दाद देत नाही आणि डिंकाने जोडलेला जबडा कधी सुटेल याचा नेम नसतो. तो भाग टाकून द्यावा.

नवा क्लॅम्प आला, की पट्टीची परीक्षा त्याच्यावरही करावी. बदली आलेला भाग त्याच घाण्यातला असू शकतो. तो निर्दोष असेल, तर सुरीवरचे जुने असमान उतार आधी जुळवून घ्यावे लागतात. ज्या बाजूचा उतार अरुंद आहे, त्याच बाजूला खरखरीत निसण्याने प्रथम घासावे. विरुद्ध बाजूला नखाला लागेल अशी बारीक कड उठेपर्यंत बाजू बदलू नये. धारेची रेष मध्यावर आली, की मग दोन्हीकडे आळीपाळीने. फार बिघडलेल्या सुरीची रेष एकाच बैठकीत मध्यावर आणण्याचा अट्टहास नको. दर वेळच्या धारेबरोबर थोडी थोडी सरकवली, तर पोलाद कमी जाते. आणि विळी? तिचे पाते पाटावर उभे आणि वळणदार, ते यातल्या कोणत्याही जबड्यात नीट बसत नाही. तिच्यासाठी हातातला निसणाच बरा.